मॅथ्स की बायो, हा प्रश्नच अर्धा आहे

ताई, मला दहावीला ८८.६० टक्के पडले. शाळा सेमी इंग्लिश. आमचं गाव दिंडोरीच्या पुढे आहे, घरी द्राक्षबाग आहे. काका सातपूरला कंपनीत आहेत. ते म्हणतात, पीसीएमबी घे, दोन्हीकडचे रस्ते मोकळे राहतात, आणि नाशिकच्या कॉलेज रोडला कॉलेजशी जोडलेला इंटिग्रेटेड क्लास लाव. गणिताचे सर म्हणतात, बायो सोड, कॉम्प्युटर सायन्स घे, पुढे कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला उपयोगी पडेल. मैत्रीण सामनगावला डिप्लोमाला चालली आहे. मला गणित आवडतं आणि बायोसुद्धा. बाबांची फवारणीची वही मीच लिहिते. डॉक्टर व्हायचं नाही एवढं नक्की, बाकी काहीच नक्की नाही. मराठी सोडून आयटी घे, मार्क मिळतात, असं सगळेच सांगतात, पण मला मराठी आवडतं. आणि एक विचारायचं होतं, आर्ट्सला गेले तर लोक हसतील का?
– एक विद्यार्थिनी, दिंडोरी तालुका

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रात गणित आहे, बायो आहे, मराठी आहे, काका, सर, मैत्रीण, बाबांची बाग, सगळं आहे. फिजिक्स आणि केमिस्ट्री मात्र कुठेच नाहीत. चुकूनसुद्धा नाहीत.

असं लिहिणारी तू एकटी नाहीस. दहावीचा निकाल लागला की घराघरात मॅथ्स की बायो यावर खल सुरू होतो, जणू सायन्स म्हणजे या दोघांमधली निवडणूकच. पण पीसीएम घे, पीसीबी घे नाहीतर पीसीएमबी घे, पहिली दोन अक्षरं, म्हणजे फिजिक्स आणि केमिस्ट्री, तीच राहतात. आता गुण कसे वाटलेत ते बघ. इंजिनीअरिंग, फार्मसी, कृषीसाठी राज्याची जी प्रवेश परीक्षा असते, त्या एमएचटी-सीईटीचा पीसीएम ग्रुप २०० गुणांचा. त्यात मॅथ्सचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे, म्हणजे १०० गुण, आणि उरलेले १०० फिजिक्स-केमिस्ट्रीचे. पीसीबी ग्रुपमध्ये बायोचे १०० आणि परत १०० फिजिक्स-केमिस्ट्रीचेच. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेत, म्हणजे नीटच्या ७२० गुणांत बायो ३६०, बाकी ३६० या दोघांचे. एनआयटी-आयआयटीच्या वाटेवरच्या जेईई मेनला तर ३०० पैकी २०० गुण यांच्याकडे. ज्या दोन विषयांबद्दल घरात कोणी चकार शब्द काढत नाही, ते कुठेही अर्ध्याहून कमी भरत नाहीत. बायोची हौस असलेली मुलगी फिजिक्सच्या न्यूमेरिकल्सपाशी अडकते आणि मग घरचे म्हणतात, अभ्यासात लक्ष नाही.

म्हणून ग्रुपचं नंतर. आधी हे तपास की तुला फिजिक्स आणि केमिस्ट्री दोन वर्षं रोज करवतील का.

दहावीची गुणपत्रिका इथे काही सांगणार नाही. तिच्यावर विज्ञान भाग १ आणि भाग २ एकत्र छापलेले असतात, वर प्रात्यक्षिकाचे गुण मिसळलेले. आतलं कळायला प्रिलिमचे पेपर शोधून काढ, रद्दीत गेले नसतील तर. भाग १ मध्ये गुरुत्वाकर्षण, विद्युतधारेचे परिणाम, भिंगं, आवर्ती वर्गीकरण, कार्बनी संयुगं. भाग २ मध्ये आनुवंशिकता, जीवनप्रक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, पेशी. दोन्ही पेपर ४०-४० चे. भाग २ मध्ये पस्तीस-छत्तीस आणि भाग १ मध्ये पंचवीसच्या आसपास असतील, तर तुला ‘सायन्स’ आवडत नाही, तुला जीवशास्त्र आवडतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाग १ मध्ये चांगले गुण असतील तर कुठे मिळाले तेही बघ. व्याख्या आणि ‘शास्त्रीय कारणे लिहा’ मध्ये मिळाले असतील तर त्यावर विसंबू नकोस. भिंगाचं किंवा गुरुत्वाकर्षणाचं उदाहरण सोडवलंस तिथे काय झालं ते पाहा. अकरावीचं फिजिक्स म्हणजे बरंचसं तेच असतं.

दुसरी तपासणी त्याहून चांगली. अकरावीची पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. फिजिक्समधलं गतीचं प्रकरण उतरवून घे आणि क्लासच्या नोट्सशिवाय, कोणाला न विचारता आठवडाभर रोज तासभर घेऊन बस. पहिल्या दिवशी व्हेक्टर बघून डोकं गरगरेल, ते सगळ्यांचंच गरगरतं. आठवड्याच्या शेवटी दोन-चार उदाहरणं स्वतःची स्वतः सुटली आणि सुटल्यावर बरं वाटलं, तर सायन्स तुझं. तास संपायची वाट बघत बसलीस तर तेही कागदावर लिहून ठेव, आणि घरच्यांना दाखव. तुला गणित आवडतं, त्यामुळे मला पहिल्याची शक्यता जास्त वाटते, पण माझ्या वाटण्यावर प्रवेश घेऊ नकोस.

समज, जमतंय. मग तुझ्या काकांनी सांगितलेलं पीसीएमबी घ्यायला माझी हरकत नाही. पण त्यांचं कारण मला पटत नाही. ‘दोन्ही रस्ते मोकळे’ म्हणून पीसीएमबी घेणारी मुलं बहुतेकदा दोन दगडांवर पाय ठेवतात. अकरावीत नीटचाही क्लास, जेईईचाही, आणि बारावीच्या दिवाळीत दोन्ही अर्धवट. ठरत नाही म्हणून चौथा जड विषय घ्यायचा, हा उपाय महागात पडतो, कारण ठरवणं फक्त दोन वर्षं पुढे जातं, आणि तोवर प्रॅक्टिकलच्या जर्नल्स मात्र एकीने वाढलेल्या असतात. तुझं तसं नाही. तुला दोन्ही विषय खरंच आवडतात, आणि नीट तर तुझ्या यादीत नाहीच. मग चार विषयांचं ओझं बरंच हलकं होतं. फक्त पक्कं लक्षात ठेव की एमबीबीएसच नव्हे, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि जनावरांच्या डॉक्टरकीलाही नीटच लागते. ‘डॉक्टर नको’ म्हणताना पशुवैद्यकसुद्धा नको ना, हे स्वतःला एकदा विचारून घे.

आता त्या फवारणीच्या वहीबद्दल. पत्रात तू ती एका ओळीत उरकलीस. मी तिथेच थांबले. तारीख, प्लॉट, छाटणीपासूनचा दिवस, औषध कोणतं, लिटरला किती ग्रॅम किंवा मिली, टाकीला किती, पाऊस झाला का, द्राक्षावर डाऊनी रोग दिसला की भुरी, काढणीआधी किती दिवस थांबायचं. युरोपला जाणाऱ्या मालात औषधाचा अंश किती चालतो याची मर्यादा असते, म्हणून निर्यातीच्या बागेला ही वही चोख लागते. ती लिहिताना तू बुरशीचं बायो, औषधाची केमिस्ट्री आणि प्रमाणाचं गणित एकाच ओळीत करतेस. डाऊनी आणि भुरी दोन्ही बुरशीजन्य म्हणवल्या जातात, पण डाऊनीला ओल लागते आणि भुरी कोरड्या हवेतही पसरते, हे तुला पुस्तकाआधी बागेने शिकवलं असेल. यावरून तू कृषी शाखेलाच जा असं मी म्हणत नाही. बाप शेतकरी म्हणून मुलीने बीएस्सी ॲग्री करावं, हा नियम कुठे लिहिलेला नाही. पण मॅथ्स आणि बायो दोन्ही लागतात अशी कामं कोणती, याचा शोध घ्यायला तुला लांब जावं लागणार नाही.

त्या बाजूचे नियम थोडक्यात सांगते. बीएस्सी कृषीला पीसीएम चालतं, पीसीबीही चालतं, दोन्हीला सीईटी असते. शेतकऱ्याच्या मुलांना सातबाऱ्यावर वाढीव गुण मिळतात. ते नेमके किती, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघायचं. आपल्या भागाचं कृषी विद्यापीठ राहुरीचं. कृषी अभियांत्रिकीला मात्र मॅथ्स लागतंच. बी.फार्मला फिजिक्स-केमिस्ट्री सक्तीचे, तिसरा मॅथ्स किंवा बायो. इंजिनीअरिंगला फिजिक्स आणि मॅथ्स सोडून चालत नाही, आणि बारावीला खुल्या वर्गासाठी ४५ टक्के, राखीव वर्गासाठी ४० टक्के पुरतात. कारण प्रवेश सीईटीच्या पर्सेंटाइलवर होतो. एनआयटी-आयआयटीला जायचं असेल तरच बारावीच्या ७५ टक्क्यांची अट आडवी येते. मायक्रोबायोलॉजी, बायोटेक, स्टॅटिस्टिक्स अशा साध्या बीएस्सीला बऱ्याच कॉलेजांत बारावीचे गुणच बघतात, तिथे बोर्डाकडे दुर्लक्ष करून चालत नाही. आणि पीसीएमबी घेतलं म्हणजे सीईटीचे दोन्ही ग्रुप द्यायलाच हवेत असं नाही. बारावीच्या दिवाळीच्या आत एक ठरव आणि एकाचीच तयारी कर. सीईटीत साधारण २० टक्के भाग अकरावीचा असतो, ८० टक्के बारावीचा, आणि चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणजे अकरावीत पाया पक्का केलेल्या मुलीला बारावीत ग्रुप ठरवायला उशीर झाला तरी चालतं.

सरांचा सल्लाही बघू. त्यांचा हेतू चांगला आहे, पण कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या प्रवेशात बारावीच्या कॉम्प्युटर सायन्सचा एकही गुण मोजत नाहीत. सीईटीत तो विषयच नाही. बायफोकलचा, म्हणजे व्यवसायाभिमुख गटातला, हा विषय २०० गुणांचा असतो आणि त्याच्यापायी दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सुटतो. तुझ्या बाबतीत मराठी आणि बायो, म्हणजे तुझ्या आवडीचे नेमके दोन. बदल्यात काय मिळतं? थोडं सी++, थोडं एचटीएमएल आणि ८०८५ नावाचा मायक्रोप्रोसेसर, जो बाजारात आला १९७६ साली. त्याची रचना समजून घेण्यात गंमत आहे, नाही असं नाही. पण कोडिंग शिकायचं तर सुट्टीत शिकता येतं, त्यासाठी बायो टाकायची गरज नाही. ज्याला बायोचा कंटाळा आहे आणि प्रॅक्टिकलचे हमखास गुण हवेत, त्याच्यासाठी हा विषय उत्तम.

मराठी की आयटी? मराठी घे. आयटीला गुण मिळतात हे खरं, परीक्षाही संगणकावर, घोकंपट्टी कमी. पण मराठीची आवड असलेल्या मुलीला मराठीत गुण कमी का पडावेत? दिवसभर न्यूमेरिकल्स सोडवल्यावर एक तरी पुस्तक असं हवं जे उघडताना मान आखडत नाही. एकच बघ, काही कॉलेजं सायन्सच्या मुलांना मराठी ठेवतच नाहीत, आयटी नाहीतर हिंदी एवढंच. पसंतीक्रम भरण्याआधी कॉलेजात फोन करून विचार.

आता तू शेवटी घाईघाईत लिहिलेला प्रश्न. आर्ट्सला गेलीस तर लोक हसतील का? हसतील. अठ्ठ्याऐंशी टक्के पाडून आर्ट्स म्हटल्यावर गावात चार जण बाबांना विचारतील, ‘काय हो, सायन्सला नंबर नाही लागला का?’ महिनाभर विचारतील, मग छाटणी येईल, पाऊस येईल, भाव पडतील, आणि विषय बदलेल. लोकांच्या हसण्याला मी फार किंमत देत नाही. पण तुला आर्ट्स का हवंय, हे मात्र मला पत्रातून कळलं नाही. मराठी आवडतं एवढंच असेल, तर वर सांगितल्याप्रमाणे ते सायन्समध्येही ठेवता येतं. आणि फिजिक्सची तपासणी केल्यावर जीव नकोसा झाला, तर आर्ट्स ही माघार समजू नकोस.

बहुतेकांना माहीत नसलेली एक गोष्ट सांगते. आर्ट्सला गणित घेता येतं. बोर्डाचा ‘गणित व संख्याशास्त्र’ हा पेपर कला आणि विज्ञान शाखेला एकच आहे, कॉमर्सचा वेगळा. अडचण अशी की आर्ट्सला गणित शिकवणारी कॉलेजं शोधावी लागतात, कारण मुलंच मागत नाहीत. पण गणित, अर्थशास्त्र, मानसशास्त्र किंवा भूगोल आणि मराठी, असा संच जमला तर पुढे अर्थशास्त्राची, संख्याशास्त्राची चांगली कॉलेजं खुली होतात. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या बी.स्टॅटला बारावीला गणित आणि इंग्रजी मागतात, फिजिक्स नाही. पाच वर्षांच्या लॉला कोणतीही शाखा चालते, त्याची स्वतंत्र सीईटी असते. डिझाइनच्या एनआयडी, निफ्टलाही शाखेची अट नाही. एमपीएससी, यूपीएससीला पदवी लागते, कशातली हे बहुतेक पदांसाठी कोणी विचारत नाही. आर्ट्समधून मागे फिरून इंजिनीअरिंग किंवा कृषीला मात्र येता येत नाही, तेवढी किंमत आहे. सायन्सवाला बारावीनंतर बीएला जाऊ शकतो, उलटं होत नाही. काकांच्या पिढीचा सायन्सचा आग्रह यातूनच आलाय, आणि त्यात तथ्य आहे. फक्त तो रस्ता दोन वर्षं फिजिक्स-केमिस्ट्री झेपण्यावर उभा आहे. बारावी सायन्सला पंचावन्न टक्के घेऊन चांगल्या कॉलेजच्या बीएला प्रवेश मागायला गेलीस, तर तिथे ब्याऐंशी टक्क्यांची आर्ट्सची मुलगी तुझ्या पुढे उभी असेल.

कॉमर्सबद्दल तू विचारलं नाहीस, म्हणून तेही एका वाक्यात. गणित घेऊन कॉमर्स हा तुझ्यासारखीला वाईट पर्याय नाही, सीएच्या फाउंडेशनमध्ये गणित-स्टॅटिस्टिक्सचा अख्खा पेपर असतो. पण बायोला तिथे जागा नाही.

मैत्रिणीला शुभेच्छा सांग. डिप्लोमा तीन वर्षांचा, मग थेट इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. अकरावी-बारावीकडून गेलं तरी मिळून सहाच वर्षं लागतात. हाताने काम करायची आवड असेल तर तो मार्ग फारच चांगला. पण पंधराव्या वर्षी मेकॅनिकल की सिव्हिल हे ठरवावं लागतं, आणि ‘बाकी काहीच नक्की नाही’ लिहिणाऱ्या तुझ्यासाठी तो नाही.

इंटिग्रेटेड क्लासला मी सरळ नाही म्हणेन. नीट द्यायची नाही, जेईईची ओढ पत्रात कुठे दिसत नाही, मग घरच्यांनी एवढी फी कशाला भरायची? असल्या व्यवस्थेत कॉलेज बऱ्याचदा कागदावरच राहतं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोच्या १०० पैकी ३० गुण प्रॅक्टिकलचे असतात, आणि प्रयोगशाळेत न गेलेली मुलं परीक्षेच्या आठवड्यात जर्नल उतरवत बसतात. ज्या मुलीला बुरशी सूक्ष्मदर्शकाखाली बघायला मिळणार, तिने लॅब का बुडवावी? कॉलेज कर, फिजिक्सला गरज वाटली तर एक साधी शिकवणी लाव. मॅथ्सलाही लागली तर बारावीत बघू.

कॉलेज कुठलं, हा प्रश्न तू विचारला नाहीस, काकांनी परस्पर सोडवलाय. कॉलेज रोडचं नाव मोठं आहे. पण तुमच्या गावाहून दिंडोरी, तिथून म्हसरूळवरून एसटीने शहरात, मग सिटीलिंकची बस. रोजचे तीनेक तास रस्त्यात गेले तर चार जड विषय कधी वाचणार? ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, म्हणून पैशांचं ठीक, वेळेचं काय? दिंडोरी किंवा पंचवटीच्या बाजूचं, लॅब खरोखर चालणारं कॉलेज मला जास्त पसंत पडेल. एकदा जाऊन बघ. शिपायाला किंवा बारावीच्या मुलींना विचार, प्रॅक्टिकल होतात का. प्राचार्यांपेक्षा खरं उत्तर तिथे मिळतं.

फॉर्मचं तेवढं नीट समजून घे. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालेत. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून काकांना बरं वाटावं म्हणून पहिल्या क्रमांकावर काही टाकू नकोस. एकाच कॉलेजात अनुदानित आणि विनाअनुदानित तुकड्या असतात, त्यांच्या फीमध्ये बराच फरक पडतो, दोन्ही वेगवेगळ्या ओळींत दिसतील. मॅथ्स-बायो, मराठी-आयटी हे कॉलेजात प्रवेश पक्का करताना लिहून घेतात. तिथे खिडकीवरचे सवयीने ‘आयटी ना?’ विचारतील, तर ‘मराठी’ म्हणून सांग.

आणि बाबांना पुढच्या फीची काळजी असेल तर हे वाचून दाखव. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना इंजिनीअरिंग, फार्मसी, कृषी अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश सरकारी प्रक्रियेतून हवा, व्यवस्थापन कोट्यातून नाही. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आणि तुम्हाला लागू असेल तो जातीचा किंवा नॉन-क्रिमीलेअरचा दाखला लागेल. हे दाखले ऐन प्रवेशाच्या गर्दीत निघत नाहीत. या आठवड्यात तू फिजिक्सचं प्रकरण वाचतेस, तोवर बाबांना सेतू केंद्रात एक चक्कर मारायला सांग.

– ताई